टनाची आग, किलोची आग

कोळशाच्या सरकारी वाटपात छोटा ग्राहक कोणाला धरायचं, याचा आकडा ठरलेला आहे. २००७ च्या कोळसा वितरण धोरणात वर्षाला ४,२०० टनांपेक्षा कमी कोळसा लागणारे ग्राहक लहान-मध्यम गटात घातले गेले; २०१६ मध्ये ही मर्यादा १०,००० टनांवर गेली. या गटातल्या माणसाने थेट कोळसा कंपनीच्या दारात जायचं नाही, राज्याने नेमलेल्या संस्थेकडून आपला वाटा उचलायचा. दहा हजार टन म्हणजे एक कोटी किलो. सुरतच्या लिंबायतमध्ये दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी, धुळे-नंदुरबारकडून आलेली बाई पौषातल्या सकाळी पोरांच्या अंघोळीसाठी लाकडाची मोळी किंवा दोन-तीन किलो कोळसा आणते, तेव्हा ती या कोष्टकात कुठेच बसत नाही. आणि ज्या आगीवर तिचं पाणी तापतं, ती आग या शहरातली सर्वांत महागडी असते.

सुरतेत थंडी ती कितीशी, असं कोणीही विचारील. जानेवारीत पहाटे पारा चौदा-पंधरावर येतो, उन्हं वर आली की स्वेटर खुंटीला लागतो. इथे घर तापवायला कोणी कोळसा घेत नाही. पण उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, नवागाम इथल्या मराठी कुटुंबांची घरं दोन असतात. एक इथलं, भाड्याचं. दुसरं शिरपूर, साक्री, अमळनेर, पारोळा किंवा शहाद्याकडचं, जिथे म्हातारे आईवडील आहेत आणि थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. ताप्ती व्हॅली रेल्वेने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरत आणि खान्देश जोडले, तेव्हापासून माणसं या रुळांवरून पश्चिमेला येत राहिली. महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा इथे चालतात, आणि नवसारीचे खासदार सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. या दोन घरांच्या चुली शेजारी ठेवून पाहिल्या, तर इंधनाचं अर्थशास्त्र जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला कुठल्याही अहवालात दिसलं नाही.

गावाकडचं घर इंधन घाऊक घेत आलं आहे, फक्त त्याला कोणी खरेदी म्हणत नसे. कापसाची शेवटची वेचणी उरकली की पऱ्हाट्या उपटायच्या, उन्हात कडक वाळू द्यायच्या आणि बैलगाडीने घरामागे आणून रचायच्या. जोडीला तुरीच्या तुऱ्हाट्या, मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या. गोवऱ्या उन्हाळाभर थापून, रचून, वरून शेणमातीचा लेप द्यायचा, म्हणजे मृगाचा पाऊस आत शिरत नाही. वर्षाचं सरपण दोन महिन्यांत गोळा होई. ते वाळलेलं असे, हाताशी असे आणि पावसाळ्यात बाजारभाव काय झाला याच्याशी घराला देणंघेणं नसे. घाऊक खरेदीला तीनच गोष्टी लागतात: एकदम खर्च करण्याची ऐपत, साठवायला कोरडी जागा, आणि माल स्वस्त असतो त्या हंगामात हात मोकळे असणं. गावच्या घरात पैशांच्या ऐवजी कष्ट होते. बाकी दोन्ही गोष्टी होत्याच.

मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाचंही तेच. आगोटीला तांदूळ, कांदे, मिरच्या, पापड यांच्याबरोबर कोळशाचं पोतं घरात यायचं. नाक्यावर कोळशाची वखार असे. लाकडी कोळसा शेगडीसाठी, आणि तो भाजून विकणं हा लोणारी समाजाचा पिढीजात धंदा. पोत्याच्या तळाशी उरणारी भुकटी टाकून देत नसत. ती शेण आणि चिकणमातीत कालवून, लाडवाएवढे गोळे वळून गच्चीत वाळवत. हे गोळे सावकाश, तासन्‌तास जळत. युद्धकाळात टंचाई आली तेव्हा या गोळ्यांनी पुष्कळ घरं तारली. लालबागची गॅस कंपनी तर दगडी कोळशापासून वायू काढून नळाने शहरात पोचवत होती. तिचे दिवे १८६५ च्या सुमारास मुंबईच्या रस्त्यावर लागले. नळाने येणारं इंधन ही आपल्याकडे काल-परवाची गोष्ट नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

पाणी तापवायला तांब्याचा बंब असे. आजच्या पिढीने तो जुन्या वस्तूंच्या दुकानात शोभेला ठेवलेला पाहिला असेल, म्हणून त्याची रचना सांगतो. बाहेरचं उभं भांडं पाण्याने भरलेलं, आणि त्याच्या मधोमध खालून वर गेलेली नळी. नळीच्या तळाशी जाळी. तिच्यावर कोळसा, बुरकुंडं, गोवरीचे तुकडे, जे असेल ते वरून टाकायचं. खाली राखेचा कप्पा. आग पाण्याच्या पोटात असल्याने तिची धग चारी बाजूंनी पाण्यालाच मिळते. उघड्या चुलीवर पातेलं ठेवलं की बहुतेक उष्णता कडेने निसटून जाते. लाकडातल्या ऊर्जेचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा पाण्यात उतरतो. बंबाला तोटी असते वरच्या अंगाला, आणि थंड पाणी नरसाळ्यातून तळाशी जातं. म्हणून एक बादली गार पाणी ओतलं की एक बादली कढत पाणी आपोआप बाहेर येतं. एकदा पेटवलेल्या बंबावर सबंध घराच्या अंघोळी होत. साधनाची हुशारी होतीच, पण त्या हुशारीलाही घरात माणसं भरपूर असावी लागत आणि इंधनाचा साठा घरात असावा लागे.

आता याच नजरेने सुरतच्या गिरण्या बघा. पांडेसरा, सचिन, पलसाणा, कडोदरा या पट्ट्यात रंगाई-छपाईची साडेतीनशेच्या आसपास प्रोसेस हाउसं आहेत. सुरतचं कापड मुख्यतः पॉलिस्टर. पॉलिस्टरचा धागा रंग सहजी घेत नाही. जेट मशीनमध्ये दाबाखाली १३० अंशांच्या पाण्यात त्याला रंगवावं लागतं. पुढे स्टेंटरवर १८०-२०० अंशांत ताणून बसवायचं, तेव्हा साडीचा पन्हा सरळ राहतो. जेटला वाफ बॉयलर देतो, स्टेंटरला उष्ण तेल थर्मोपॅक देतो, आणि दोघांच्याही पोटात कोळसा जातो. बऱ्या प्रतीच्या आयात कोळशाच्या एका किलोतून पाच-सहा किलो वाफ निघते. मध्यम गिरणी दिवसाला ट्रकभर कोळसा सहज संपवते.

हा कोळसा येतो कुठून? बराचसा इंडोनेशियातून, समुद्रमार्गे. तापीच्या मुखाजवळचं मगदल्ला बंदर उथळ. मोठी जहाजं बाहेर नांगर टाकतात आणि बार्जांमधून माल आत येतो. हजिऱ्याचं खोल बंदर २०१२ पासून सुरू आहे. शिवाय सुरत जिल्ह्यातच मांगरोळ तालुक्यात लिग्नाइटची खाण आहे. तिथला लिग्नाइट मात्र नानी नरोलीच्या वीजकेंद्रात जळतो.

गिरणीचा कोळसा-खरेदीदार टनाचा भाव विचारतो, पण हिशेब करतो तो कॅलरीचा. भारतीय कोळशाच्या जी-१ पासून जी-१७ पर्यंतच्या प्रती याच मापावर ठरतात: किलोमागे किती किलोकॅलरी. त्यात ओलावा किती, राख किती हे वेगळं. ओला कोळसा घेणारा पाण्याचे पैसे देतो आणि वर ते पाणी उडवायला स्वतःचाच कोळसा जाळतो. म्हणून ट्रक काट्यावर जातो, नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि उष्मांक कबूल केल्यापेक्षा कमी भरला की बिलातून रक्कम कापली जाते. किलोने घेणाऱ्या माणसाला हे एकही हत्यार मिळत नाही. वखारवाला भिजलेली मोळी देईल ती घ्यायची, पोत्यातली भुकटी निघेल ती सोसायची.

साठ्यालाही खर्च असतो, हे घाऊक खरेदीचं कौतुक करताना विसरलं जातं. इंडोनेशियन कोळशात बाष्प आणि उडणारे वायू जास्त. त्याचा मोठा सैल ढीग पडून राहिला की पोकळ्यांतल्या हवेशी संयोग होऊन आतून तापतो, आणि कोणी काडी न लावता पेटतो. गिरणीच्या आवारात म्हणून ढीग थरांनी दाबून रचतात, कडा सपाट करतात, आधी आलेला माल आधी जाळतात. ढिगाजवळ काम करणाऱ्या फायरमनच्या नाकाला तो वास कळतो. ओलसर, घासलेट सांडल्यासारखा दर्प आला की त्या जागचा कोळसा लोडरने उकरून पसरायचा. नुसतं पाणी मारून भागत नाही. वरचा थर विझतो, आतला धुमसत राहतो. पावसाळ्यात ताडपत्री, वाऱ्यात धूळ, शेजाऱ्यांची तक्रार. हे सगळं पेलूनही घाऊक घेणं परवडतं, इतका टनाच्या आणि किलोच्या भावात फरक आहे.

आणि तरी हा राक्षसी खरेदीदारही कधी कोलमडतो. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास जगभर कोळसा महागला. ३१ डिसेंबरला इंडोनेशियाने जानेवारीपुरती निर्यातच बंद केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदराचा कोळसा टनाला ४०० डॉलरच्या पलीकडे गेला. सुरतच्या गिरण्यांनी रंगाईचे दर वाढवले आणि तो बोजा साडीच्या मीटरवर पसरून टाकला. हा मार्ग त्यांच्यासाठी खुला होता. घरी बसून साडीला लेस लावणाऱ्या, खडे चिकटवणाऱ्या बाईचं घरगुती इंधन महागलं, तर ती नगामागची मजुरी वाढवून मागू शकत नाही. पुढच्या खोलीतली बाई जुन्या दराने काम घ्यायला तयार असते.

सुरतेत मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती सचिनच्या औद्योगिक वसाहतीतली सामाईक वाफ. पन्नास कारखान्यांनी पन्नास लहान बॉयलर लावायचे, पन्नास ठिकाणी ढीग रचायचे, याऐवजी एका जागी मोठा बॉयलर बसतो आणि उष्णतारोधक आवरण गुंडाळलेल्या नळांतून वाफ दारोदार जाते. दारात मीटर, महिन्याला बिल. स्टीमहाउस नावाच्या कंपनीने हा धंदाच उभा केला आहे. लहान कारखानदाराला इथे कोळसा घ्यावा लागत नाही, ढीग सांभाळावा लागत नाही, फायरमन नेमावा लागत नाही, आणि तरी घाऊक खरेदीचा फायदा त्याच्यापर्यंत पोचतो. चिमण्या कमी होतात, आणि उरलेल्या एका चिमणीवर चांगली गाळणयंत्रणा बसवणं परवडतं.

धुराच्या बाबतीतही सुरतने जगाला काही शिकवलं. सप्टेंबर २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने इथे सूक्ष्म कणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू केला. सगळ्यांनी मिळून किती धूळ सोडायची याची मर्यादा ठरली, परवाने वाटले गेले. कमी धूर सोडणारा आपला उरलेला परवाना विकू शके, जास्त सोडणाऱ्याला विकत घ्यावा लागे. भाव किलोला ५ रुपयांच्या खाली किंवा १०० रुपयांच्या वर जाऊ द्यायचा नाही. ३१७ कारखान्यांवर हा प्रयोग मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी तपासला. बाजारात असलेल्या कारखान्यांचं उत्सर्जन इतरांपेक्षा २० ते ३० टक्के कमी झालं. पांडेसऱ्याच्या कडेला राहणाऱ्या, दोरीवरचे कपडे काळवंडलेले पाहणाऱ्या घरांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे कारखान्यांची उष्णता कशी एकत्र आणावी, स्वस्त करावी, निदान थोडी स्वच्छ करावी, हे या शहराला चांगलं कळतं. प्रश्न खोल्यांचा आहे.

एका घराचा हिशेब मांडतो. पाच माणसं, प्रत्येकाला पंधरा लिटर पाणी, वीस अंशांनी तापवायचं. लागणारी उष्णता १,५०० किलोकॅलरी. विजेच्या रॉडने जवळपास दोन युनिट जातात. गॅसच्या शेगडीवर पाव किलोच्या आसपास गॅस. महिन्याला सात किलो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरचा अर्धा भाग नुसत्या अंघोळीत. शेगडीत लाकडी कोळसा रोज पाऊण-एक किलो, उघड्या चुलीवर लाकूड तीन किलो. कागदावर घरगुती सिलिंडर वाईट नाही. पण तो सगळी रक्कम एकदम मागतो, आणि त्याआधी कनेक्शन मागतो. गावच्या पत्त्यावर उज्ज्वलाचं कनेक्शन असतं, ते आईच्या नावाने, आणि सिलिंडरही तिच्याचपाशी. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेने गावातला धूर कमी केला, हे डोळ्यांनी दिसतं. सुरतच्या खोलीत मात्र भाडेकरार कच्चा, वीज मालकाच्या नावावर. पत्त्याचा पुरावा न मागता मिळणारा पाच किलोचा सिलिंडर २०१३ पासून बाजारात आहे, २०२० पासून इंडियन ऑइल तो छोटू नावाने विकते. पण त्यावर अनुदान नसतं, किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा महाग. त्याहूनही खालच्या पायरीवर, चोरून किलो-दोन किलो भरून देणारा. तिथे भाव सर्वांत चढा, वजनाची खात्री नाही आणि स्फोटाचा धोका रोजचा.

या पायरीवरून माणूस मागे वळतो तो कोळशाकडे. इस्त्रीवाल्यांकडे, मक्याची कणसं भाजणाऱ्यांकडे, तंदूर चालवणाऱ्यांकडे कोळशाची पोती येतात. गुजरातेत हा कोळसा पुष्कळदा कच्छ-सौराष्ट्रात माजलेल्या गांडा बावळाचा, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचा. पोतं घेणाऱ्याला तो परवडतो. दोन किलो घेणाऱ्याला परवडत नाही, आणि खोलीत पोतं ठेवायला कोपरा नाही. इथे एक गोष्ट ठासून सांगायलाच हवी. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं म्हणजे मृत्यूला घरात बोलावणं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात आणि त्यात बहुतेक कष्टकरीच असतात. घरात कच्चा दगडी कोळसा जाळू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये स्पष्टच सांगितलं आहे. गावच्या म्हाताऱ्यांनाही हेच सांगायचं: शेकोटी अंगणात, शेगडी ओट्यावर, निजताना दार-खिडकी बंद असेल तर आत निखारा नको.

कोळशाने घर तापवणारे देशही अडचणीत आले. पोलंडमध्ये लाखो घरं हिवाळ्याचा कोळसा टनांनी विकत घेतात. रशियाचा कोळसा बंद झाल्यावर २०२२ मध्ये लोक खाणींच्या दारात गाड्यांच्या रांगा लावून बसले. तेव्हा सरकारने कायदा करून नगरपालिकांना कोळसा विकायची मुभा दिली: टनाला २,००० झ्लॉटींपेक्षा जास्त भाव नाही, घराला वर्षअखेरपर्यंत दीड टन, पुढे आणखी दीड टन. त्या सरकारने जाळायला दिलं काय, याबद्दल माझं मत चांगलं नाही. पण घाऊक खरेदी पालिकेने करावी आणि तिचा भाव एकेका घराला मिळावा, ही कल्पना मला पटते. इंग्लंडने घरगुती कोळशाची विक्री २०२३ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केली. तिथे पर्यायी व्यवस्था आधी उभी होती.

सुरतकडे पर्याय आहे, आणि तो समुद्रातून थेट दारात येतो. मुंबईसमोरच्या वसई क्षेत्रातला नैसर्गिक वायू हजिऱ्याला किनाऱ्यावर लागतो. हजिरा-विजयपूर-जगदीशपूर वाहिनी इथूनच उत्तरेला निघते. द्रवरूप वायू उतरवणारं टर्मिनल हजिऱ्याला २००५ पासून आहे. नळाने घरगुती गॅस पोचवणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या शहरांत सुरत मोडतं. अडाजण-अठवा भागात सिलिंडर कधी संपतो ही चिंताच उरलेली नाही. नळाचा गॅस म्हणजे घराघराला मिळालेली सामाईक वाफच: साठवणं नाही, एकरकमी खर्च नाही, जेवढं वापरलं तेवढ्याचं बिल, आणि खरेदी शहराच्या नावाने घाऊक. फक्त तो मालकाच्या संमतीवर अडतो. चाळवजा इमारतीत आठ खोल्या, आठ भाडेकरू, आणि मालकाला आठ मीटर नको असतात; भाडेकरू हक्क सांगेल ही त्याची भीती. भाडेकरू वर्षभरात खोली बदलेल म्हणून कंपनीलाही उत्साह नाही. अनामत रक्कम आहेच.

यात अवघड काय आहे? मीटर भिंतीचा राहू द्या, खाते भाडेकरूचं असू द्या, तो खोली सोडेल तेव्हा पुढच्याच्या नावावर जाऊ द्या. अनामत महिन्याच्या बिलात हप्त्याने घ्या. मालकाला भीती असेल तर मीटरच्या कागदावर ठळक लिहा की याने ताबा सिद्ध होत नाही. आणि नळ पोचेपर्यंत, सगळ्या खोल्यांसाठी गच्चीवर सौर पाणीतापक किंवा तळमजल्यावर एकच मोठा गॅस बॉयलर बसवायला मालकाला पालिकेने घरपट्टीत सवलत द्यावी. सकाळी सहा ते आठ, बादलीमागे दोन रुपये घेऊन तो आठ कुटुंबांना कढत पाणी देऊ शकेल. बंबाची रचना आठवा: एक आग, अनेक अंघोळी. सचिनमध्ये कारखान्यांसाठी वाफेचे नळ टाकताना कोणी हे अशक्य म्हटलं नव्हतं. लिंबायतमधल्या त्या खोल्यांत राहणारी माणसंच त्या कारखान्यांचे स्टेंटर चालवतात, तागे उचलतात, बॉयलरमध्ये फावड्याने कोळसा टाकतात.

गावाकडे उलटी वाट सुरू झाली आहे. पऱ्हाट्या, भुईमुगाची टरफलं, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्यांना गुजरातेत सफेद कोळसा म्हणतात, आणि बॉयलरवाले तो टनाने घेतात. ज्या शेतातली पऱ्हाटी अशी विकली जाते, तिथल्या घरामागचा ढीग दरवर्षी थोडा खुजा होतो. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, ते त्याने जरूर घ्यावेत. पण सौदा करताना थंडीच्या तीन महिन्यांचा ढीग आधी वेगळा काढून ठेवावा, आणि विक्रीच्या पैशांतून पहिला सिलिंडर भरावा, असं मी भेटेल त्याला सांगतो. किलोने विकत घ्यायची पाळी आली, की तीच पऱ्हाटी त्याला परत विकत घेणं परवडणारं नाही.